मायलेजही आणि पॉवरही

अरुंधतीची गाडीबद्दल काहीही तक्रार नव्हती. पुढचं सगळं रामायण घडलं ते या एकाच कारणामुळे. तक्रार असती तर तिने गाडी गॅरेजमध्ये नेली असती, तिथे कोणीतरी काहीतरी पिळलं असतं आणि विषय संपला असता. पण ज्या वस्तूबद्दल कोणाचं काहीच म्हणणं नाही, ती सुधारायला घेतली की त्या कामाला अंत राहत नाही. ही गोष्ट तिच्या नवऱ्याला, श्रीपाद देवस्थळी यांना, पन्नाशी उलटली तरी कोणी सांगितली नव्हती.

गाडी म्हणजे पिकअप ट्रक. पुढे पाच माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. अरुंधतीने शाळेतली नोकरी सोडून कामशेतजवळ रोपवाटिका काढली, तेव्हा रोपं आणि खत वाहायला तिने ती घेतली होती. डावा गुडघा कुरकुरतो म्हणून मुद्दाम ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर टाकणं नाही, पाय ठेवला की गाडी चालायला लागते. तळेगाव ते कामशेत ती रोज जायची-यायची आणि गाडीचं नि तिचं अगदी छान चाललं होतं.

श्रीपादराव रविवारी शेजारी बसत. आणि गाडीचे दोष चालवणाऱ्यापेक्षा शेजारी बसणाऱ्याला जास्त दिसतात.

"चढ आला की ही विचार करते," एका रविवारी ते म्हणाले.

"कोण?"

"गाडी. पाय दाबला की आधी थांबते, विचार करते, मग गिअर बदलते. शिवाय डिझेल किती पिते!"

"विचार करून वागणारं कोणीतरी असू दे की घरात," अरुंधती म्हणाली आणि तिने वायपर चालू केले.

श्रीपादरावांना हे लागलं. कारण विचार करून वागणं हा त्यांचा धंदाच होता. एका विमा कंपनीत ते वाहनांचे दावे तपासत. 'वाहनाच्या मूळ रचनेत अनधिकृत फेरफार आढळल्याने दावा नामंजूर' हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा लिहिलं होतं की झोपेत कोणी हलवून उठवलं असतं तरी त्यांनी ते शुद्धलेखनासकट म्हणून दाखवलं असतं. तरीही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचं बॉनेट उघडून उभे राहिले.

आता, पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभं राहणं हे एक प्रकारचं जाहीर निमंत्रणच असतं. चहापाण्याला बोलावूनही न येणारी माणसं अशा वेळी चपला न घालता येतात. पहिले आले ते खालच्या मजल्यावरचे भिकाजीराव. त्यांचा उभा जन्म रेल्वेत इंजिन चालवण्यात गेला होता आणि तोही घाटात.

"देवस्थळी, घाट म्हणजे घाट," ते म्हणाले. "कर्जतहून गाडी वर आणायची तर मागून बँकर इंजिनं लावतो आम्ही. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. तुमच्या या गाडीला मागून ढकलणारं कोण आहे?"

"कोणीच नाही."

"मग?"

भिकाजीराव समाधानाने मान हलवत बाजूला झाले आणि दुसऱ्यांची पाळी आली. एकाने सांगितलं, डिझेलच्या नळीला लोहचुंबक बांधा, डिझेलचे कण एका रांगेत चालतात. दुसऱ्याने सांगितलं, चाकांत हवा जास्त भरा, गाडी घसरगुंडीसारखी पळते. तिसऱ्याने मुंबईहून खास 'मोकळा' एअर फिल्टर मागवून द्यायची तयारी दाखवली. म्हणजे इंजिन मोकळा श्वास घेईल. एकाचा सल्ला मानून दुसऱ्याचा टाळला तर शेजारधर्माला बाध येतो, म्हणून श्रीपादरावांनी तिन्ही गोष्टी केल्या.

लोहचुंबकाने काहीच झालं नाही, हा त्याचा मोठेपणा. टायर मात्र असे कडक झाले की कामशेतच्या बाजारातून जाताना हौद्यातल्या कुंड्या टाळ्या वाजवू लागल्या. मागच्या सीटवर बयाबाई होती. ती रोपवाटिकेजवळच्या वाडीतली. रोपांचं सगळं तीच बघायची. तिचा हात लागला की काठीलाही पालवी फुटते असं अरुंधती म्हणायची. एका खड्ड्यात बयाबाईचं डोकं छताला लागलं.

"सायेब," ती टाळू चोळत म्हणाली, "आमची बैलगाडी लय बरी म्हनायची. बैलाला तरी दया येती."

आणि मोकळा श्वास घेणारं इंजिन शिट्टी मारू लागलं. अगदी कुकरसारखी, लांबलचक. श्रीपादराव गाडी लावायला आले की सोसायटीतल्या चार घरांत गॅस बारीक केला जाई. तिसऱ्या मजल्यावर कोणाची तरी डाळ आठवडाभर कच्ची राहत होती. कारण कळल्यावर त्या घरातून देवस्थळींकडे येणारी वाटी बंद झाली.

"आता राहू द्या हो," अरुंधती म्हणाली. "चालतेय ना गाडी?"

"चालणं वेगळं आणि नीट चालणं वेगळं," श्रीपादराव म्हणाले. खरं सांगायचं तर आता प्रश्न गाडीचा राहिलाच नव्हता. सगळ्या सोसायटीच्या देखत सुरू केलेलं काम अर्धवट टाकायचं म्हणजे जिन्यात कोणाला तोंड दाखवायची सोय नाही.

अशा वेळी त्यांना निलेश सापडला. चिंचवडचा, कानात बाळी घालणारा, पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप. हा मुलगा हात काळे न करता इंजिन सुधारतो, असं श्रीपादरावांना कोणीतरी सांगितलं होतं. त्याने गाडीच्या पोटात वायर खुपसली आणि पडद्यावर हिरव्या-पिवळ्या आकड्यांचं शेत उगवलं.

"सर, मायलेज पाहिजे का पॉवर?"

"दोन्ही."

निलेशने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "भांडं ओतायचंही आहे आणि भरलेलंही पाहिजे. असू दे सर, सगळे तेच मागतात."

दुपारभर तो त्या शेतात काहीतरी पेरत होता. इंजिनात डिझेल कधी आणि किती जायचं ते त्याने बदललं. मग गिअरबॉक्सकडे वळला. कुठला गिअर केव्हा पडावा, हेही त्याने नव्याने लिहिलं आणि जाताना बजावलं, "सर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शिकतो. चालवणाऱ्याचा पाय बघून बघून सवय लावून घेतो. मी त्याचं जुनं शिकलेलं सगळं पुसलंय. आता कोरी पाटी आहे. पहिले काही दिवस एकाच माणसाने चालवा आणि एकसारखं चालवा. बस्स."

एकच माणूस. एवढी एकच अट होती.

श्रीपादरावांनी गिअरबॉक्सच्या शिक्षणाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. मायलेजसाठी पाय हलका हवा, म्हणून ते ॲक्सिलरेटरवर असा पाय ठेवत जणू खाली अंडं आहे. वडगावच्या फाट्याजवळ एक म्हैस त्यांना मागे टाकून पुढे गेली. म्हैस उतारावर होती, असं त्यांनी घरी आल्यावर आपणहून सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

पण सोमवार ते शुक्रवार गाडी अरुंधतीला लागायचीच. ती चालवायची तशीच चालवत राहिली. कामाला निघालेल्या बाईसारखी, ना संथ, ना घाई. आणि रविवारी भिकाजीराव खाली उभेच. "बघू तर, काय दम आलाय," म्हणत ते चालकाच्या जागेवर बसले. नाही म्हणायला श्रीपादरावांना शब्द सापडेपर्यंत गाडी जुन्या हायवेला लागली होती. खंडाळ्याच्या चढावर भिकाजीरावांनी पाय जो दाबला तो परत उचललाच नाही. वाटेत प्रत्येक वळणावर ते तोंडाने हॉर्न देत होते, कारण हातातला हॉर्न त्यांना पुरेसा वाटत नव्हता.

एका शिष्याला तीन गुरू, आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही. त्या बिचाऱ्या गिअरबॉक्सने काय शिकावं? कधी तो गोगलगायीच्या चालीने चालायचा आणि गाडीने वेग घेण्याआधीच वरचा गिअर टाकून मोकळा व्हायचा. कधी काही कारण नसताना उचकी लागल्यासारखा धक्का देऊन उसळायचा. तळेगाव स्टेशनच्या चौकात असाच उसळला आणि श्रीपादरावांचा चष्मा डॅशबोर्डवर जाऊन पडला. समोरच्या रिक्षावाल्याने तो धक्का म्हणजे आपल्याला दिलेली धमकी समजून खाली उतरायची तयारी केली, ते वेगळंच.

त्यातच गाडीच्या पीयूसीची मुदत संपली. श्रीपादराव निर्धास्तपणे पीयूसी केंद्रावर गेले. तिथला संदेश नावाचा माणूस मोबाइलने नंबरप्लेटचा फोटो काढायला मागे उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, रेस द्या." श्रीपादरावांनी दिली. गाडीच्या मागून जो काळा धूर निघाला, त्यात आधी नंबरप्लेट दिसेनाशी झाली, मग संदेश, मग त्याची टपरी.

"फोटो येत नाही साहेब," धुरातून आवाज आला. "नंबरच दिसत नाही. नंबर दिसल्याशिवाय साइट घेत नाही."

"मग धूर कमी झाल्यावर काढा!"

"धूर मोजायचाच तर आहे साहेब. धूर असताना नंबर दिसत नाही, नंबर दिसतो तेव्हा धूर नसतो."

हा पेच चालू असतानाच साइट बंद पडली. ती सुरू झाल्यावर यंत्राने एकदाचा आकडा दाखवला. तो बघून संदेशने गंभीरपणे विचारलं, "गाडी विटांच्या भट्टीवर असते का?"

श्रीपादराव तसेच ऑफिसात गेले. मनात एक बारीक शंका वळवळत होती. शेजारच्या टेबलावरच्या सारिकाला त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "समजा हं, एखाद्या सज्जन गृहस्थाने गाडीच्या इंजिनात थोडी सुधारणा केली. चांगल्या हेतूने. तर त्याच्या पॉलिसीचं काय?"

"अनधिकृत फेरफार," सारिका मान वर न करता म्हणाली. "तुम्हीच नाही का आम्हाला शिकवलं? सज्जन असो नाहीतर दुर्जन, कलमात फरक नाही." मग तिने मान वर केली. "कोण आहेत हे गृहस्थ, सर? तुमच्या शर्टाला काजळी लागलीय."

निलेशला परत बोलावलं. त्याने आकड्यांच्या शेतात तण काढल्यासारखं डिझेल कमी केलं. धूर गेला. पीयूसी मिळालं.

"आणि पॉवर?" श्रीपादरावांनी विचारलं.

"धुराबरोबर गेली, सर." निलेश लॅपटॉप पिशवीत घालत म्हणाला, "गिअरबॉक्स पुढच्या आठवड्यात जुळवून देतो. त्याला अजून वाटतंय इंजिन आधीसारखं जोरात आहे. तोपर्यंत चढावर लोड नेऊ नका."

आणि नेमका त्याच शनिवारी अरुंधतीला लोड न्यायचा होता. तोही चढावर.

लोणावळ्याला भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एक नवी निवासी शाळा सुरू होत होती. तिच्या आवारात मावळातलीच झाडं लावायची, असं तिथल्या संचालिका आसावरीबाईंनी ठरवलं होतं आणि रोपांचं काम अरुंधतीला दिलं होतं. उद्घाटनाला पाहुणे येणार, प्रत्येकाच्या हस्ते एक झाड लागणार. बहावा, ताम्हण, कदंब, अर्जुन. सगळी अरुंधतीने आणि बयाबाईने बियांपासून वाढवलेली, आता माणसाच्या छातीएवढी झालेली. शाळा सोडून मातीत हात घातल्याबद्दल तिला नात्यागोत्यात बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. हे काम नीट पार पडलं तर रोपवाटिकेचं नाव होणार होतं. आठवडाभर ती सकाळी पहिलं पाणी त्याच रोपांना घालत होती.

"टेम्पो करू या का?" तिने आदल्या दिवशी विचारलं.

आता खरं सांगायची ती वेळ होती. पण श्रीपादराव म्हणाले, "घरची गाडी असताना टेम्पो? मी चालवतो. गिअरबॉक्सला माझी सवय आहे."

शनिवारी सकाळी पाऊस धरून होता. हौदा रोपांनी गच्च भरला. लोणावळ्यापर्यंत गाडी शहाण्यासारखी वागली आणि श्रीपादरावांना शीळ घालावीशी वाटू लागली. भुशीच्या धरणाशी सुट्टीची गर्दी होती. ओले लोक, मक्याची कणसं, गाड्यांची रांग. त्यातून मुंगीच्या पावलाने बाहेर पडून गाडी पुढच्या चढाला लागली.

तिथे गिअरबॉक्सला त्याचे सगळे गुरू एकदम आठवले.

आधी श्रीपादराव आठवले. चढ सुरू होताच त्याने वरचा गिअर टाकला आणि इंजिन कण्हू लागलं. श्रीपादरावांनी पाय दाबला, तशी त्याला भिकाजीरावांची आठवण झाली. असा हिसका बसला की मागची सगळी झाडं एकदम वाकून उभी राहिली. परत वरचा गिअर, परत हिसका. मग समोर एक पिवळा दिवा लागला, गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आणि भर चढावर जागच्या जागी गुरगुरत थांबली.

"काय झालं?" अरुंधतीने विचारलं.

"संरक्षणासाठी थांबलीय," श्रीपादराव म्हणाले.

"कोनापासून?" मागून बयाबाई म्हणाली.

मागे हॉर्न सुरू झाले. छत्री सावरत एक हवालदार धावत आला. "अहो काका, हितं कुटं थांबलाय? रस्ता काय पार्किंग हाय व्हय?" श्रीपादरावांनी त्यांना गिअरबॉक्सच्या शिक्षणपद्धतीबद्दल सांगायला सुरुवात केली. हवालदारांनी ती एका वाक्यापर्यंत ऐकली आणि गाडी रेटून कडेला घ्यायला लावली.

गाडी कडेला लागली आणि अरुंधती खाली उतरून हौद्याजवळ जाऊन उभी राहिली. शाळा वर, दोन वळणांपलीकडे. टेम्पो या गर्दीतून वर येणं शक्य नव्हतं. ती नुसती रोपांकडे बघत होती. एका ताम्हणाची फांदी मोडली होती, ती तिने हळूच सरळ करून पाहिली. तिने ओरडायला हवं होतं, असं श्रीपादरावांना वाटलं. ओरडली असती तर उलट काहीतरी बोलता तरी आलं असतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना गाडीची नव्हे, माणसाची काळजी वाटली.

"अरुंधती," ते पावसात उभे राहून म्हणाले, "चूक माझी आहे. तुझी गाडी चांगली होती."

"नंतर," ती म्हणाली. रागाने नाही, कामात असलेल्या माणसासारखी.

तेवढ्यात धरणात भिजून आलेल्या पोरापोरींचा एक घोळका हौद्याभोवती जमला. हिरवीगार गाडी बघून त्यांना ते रोपांचं दुकान वाटलं. "मावशी, केवढ्याला?" एकीने विचारलं. एका मुलाने विचारलंही नाही. कदंबाचं रोप उचललं, गालाला लावलं आणि फोटो काढायला मित्राला मोबाइल दिला.

"ए बाबा!" बयाबाई कडाडली. "फोटू काढायचा तर काढ. पन उचलल्यालं झाड खाली ठेवायचं न्हाई. त्या वरल्या शाळंत नेऊन ठिव. जा!"

मुलगा हसला. मग वर पाहिलं. मग खरंच चालू लागला. त्याच्यामागे त्याचे मित्र एकेक रोप घेऊन.

अरुंधतीच्या लक्षात यायला एवढं पुरेसं होतं. आवाज आपोआप वर्गातला लागला. "एकेकाने एकेक! बुंध्याला नाही धरायचं, पिशवीला खालून हात. शेंडा सांभाळा!" ओले चिंब लोक रांगेत उभे राहिले. कोणी आजोबा नातवाला घेऊन, कोणी नवं जोडपं एकाच अर्जुनाला दोन बाजूंनी धरून. तुंबलेल्या गाड्यांतले लोकही कंटाळून उतरले. हवालदारांना रस्ता मोकळा होण्याची इतकी गरज होती की त्यांनी शिट्टी वाजवून रांगेला वाट करून दिली. बघता बघता त्या वळणावरून जंगल चालत वर निघालं. पुढे बयाबाई, मागे अरुंधती.

हौदा रिकामा झाला. श्रीपादराव स्टिअरिंगशी बसले. ओझं उतरल्यावर गाडी त्या एकाच गिअरमध्ये, नाखुशीने का होईना, चढू लागली. उघड्या काचेतून हवालदारांनी रस्त्याच्या कडेला राहिलेलं एक बहाव्याचं रोप त्यांच्या मांडीवर ठेवलं. "काका, तुमचं बी एक न्या."

शाळेच्या फाटकाशी रखवालदाराने त्यांना अडवलं. आत झाडं घेऊन येणाऱ्यांचा कार्यक्रम चालू आहे, गाडीवाल्यांनी मागच्या दाराने यावं. श्रीपादराव मांडीवरचं रोप घेऊन खाली उतरले तेव्हाच त्यांना आत सोडण्यात आलं.

आत पाहुणे खुर्च्यांवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. आसावरीबाईंचे डोळे पाणावले होते. "अनोळखी माणसं शाळेसाठी झाडं घेऊन येताहेत... देवस्थळीबाई, मला तर टेम्पोतून रोपं उतरतील एवढंच वाटलं होतं. ही कल्पना कोणाची?"

अरुंधतीने मागे वळून पाहिलं. दाराशी श्रीपादराव उभे होते. नखशिखांत भिजलेले, कपाळाला चिखल, हातात बहावा.

"यांची," ती म्हणाली. "महिनाभर खपत होते बिचारे याच्यामागे."

श्रीपादरावांचा सत्कार झाला. शाल मिळाली. ती पांघरताना त्यांना जेवढं अवघडल्यासारखं झालं तेवढं म्हैस पुढे गेली तेव्हाही झालं नव्हतं. बयाबाई मात्र पदर तोंडाला लावून पार खुर्चीत वाकली होती.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी निलेशकडून गाडी होती तशी करून घेतली. सगळं मूळचं, कंपनीतून निघालं तेव्हाचं. भिकाजीरावांना चावी देणंही बंद झालं. गाडी पुन्हा चढावर विचार करू लागली आणि ते शेजारी बसून त्या वेळी बाहेरची शेतं बघू लागले.

मग दिवाळीच्या सुमाराला आसावरीबाईंचा फोन आला. शाळेच्या मागची टेकडी पुढच्या पावसाळ्यात हिरवी करायची होती. रोपं अरुंधतीचीच. त्या दिवशीची मिरवणूक खरी कशी निघाली, ते बयाबाईने त्यांना कधीच सांगून टाकलं होतं. फोन स्पीकरवर होता.

"पण बाई, तशीच मिरवणूक हवी हं," त्या म्हणाल्या. "त्याच वळणावरून. त्यासाठी गाडी बरोब्बर तिथेच बंद पडायला हवी. जमेल ना?"

श्रीपादराव घाईघाईने मान हलवत 'नाही, नाही, गाडी आता दुरुस्त आहे' असं खुणेने सांगू लागले. अरुंधतीने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि फोन जवळ घेतला.

"तुम्ही निश्चिंत राहा," ती म्हणाली. "पावसाळ्यापर्यंत यांच्या मनात आणखी काहीतरी सुधारणा येईलच."